गाडीमागचा रॅक

माझ्या बायकोची सायकल सव्वीस किलो भरते, माझी चोवीस. कंपनीच्या कागदावर दोन्हींची वजनं कमी लिहिली आहेत. छापलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, म्हणून दोन्ही सायकली टेम्पोत घालून गोदामात नेल्या आणि काट्यावर चढवल्या. बॅटरी काढली की प्रत्येकीचे तीन किलो कमी होतात. हे आकडे मला अजून पाठ आहेत. त्या तीन महिन्यांतलं बाकीचं काही आठवायचं तर थोडं थांबावं लागतं.

सायकली मुलीने आणल्या. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून. बॅटरीवर चालणाऱ्या, मला न विचारता, आणि मागितली तेवढी किंमत देऊन. मी तेवढंच धरून बसलो.

"पप्पा, ऑनलाइन किंमत फिक्स असते."

"फिक्स काही नसतं. विचारायची लाज असते."

"मग तुम्ही वेबसाइटशी भांडा," ती म्हणाली आणि हेल्मेटची पिशवी माझ्या मांडीवर ठेवून निघून गेली.

माझा धंदा लोखंडी रॅकचा. गोदामात माल रचायला, ऑफिसात फायली ठेवायला लागतात तसले. निपाणीहून बेंगळुरूला आलो तेव्हा दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये पट्ट्यांना भोकं पाडत होतो. आज माझ्याकडे अकरा माणसं आहेत. हे सगळं मी घासाघीस करून उभं केलं आहे आणि त्याची मला लाज नाही. माझा एकच नियम: विकणाऱ्याला आपली गरज सांगायची नाही. गरज कळली की भाव चढतो. मुलीच्या लग्नाचा हॉल ठरवला तेव्हासुद्धा मी मालकाला, कंपनीची मीटिंग आहे, असं सांगितलं होतं.

बायको सत्तावन्नाव्या वर्षी सायकल शिकली. लहानपणी तिला कुणी दिली नव्हती. मारतहळ्ळीच्या रस्त्यावर शिकणं शक्यच नव्हतं, म्हणून आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये शिकली. तिथे खांबांच्या दोन ओळी आहेत. त्यांच्यामधून ती जायची आणि दर दोन-तीन फेऱ्यांना डावीकडच्या खांबाला हँडल घासायची. मी वॉचमनच्या खुर्चीवर बसून ओरडायचो.

"अगं, खांब केवढा आहे! दिसत नाही का?"

"दिसतो की. तो सारखा मधे येतोय."

"खांब येतोय?"

"मग काय, मी जातेय?"

वॉचमन हसायचा. मीही हसायचो. खांबाला हिरव्या रंगाची रेघ पडली, तिच्या हँडलच्या उंचीवर, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीशी मी त्या रंगावरून भांडून आलो.

संक्रांतीनंतर गाडीच्या इन्शुरन्सचे कागद शोधताना कपाटात साड्यांच्या खाली एक फाइल सापडली. डोळ्यांच्या दवाखान्याची. चार वेळची तपासणी, पहिली गणपतीनंतरची. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. डाव्या डोळ्याची बाजूची नजर बरीच गेलेली, उजव्याची जायला लागलेली. प्रत्येक पानावर एक रकाना होता, सोबत आलेल्या व्यक्तीचा. चारही पानांवर तिथे मुलीचं नाव होतं.

मी फाइल घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती मटार सोलत होती.

"हे काय आहे?"

तिने फाइलीकडे बघितलं. "मिळाली का. बरं झालं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही डॉक्टरशी भांडला असता."

"मी कशाला भांडेन?"

"आधी फीवरून. मग मशीन जुनं आहे म्हणून. मग दुसरा डॉक्टर, मग तिसरा. मला थोडे दिवस शांत पाहिजे होते." तिने मटाराचं भांडं पुढे ओढलं. "बसा. निम्मे तुम्ही सोला."

आता मला राग येणार, असं वाटून मी वाट बघत उभा राहिलो. माझा राग कुणाला सांगावा लागत नाही, गल्लीत ऐकू जातो. पण तो आलाच नाही. मी बसलो, निम्मे मटार सोलले, मग खाली जाऊन दोन्ही सायकलींच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि चार्जिंगला लावल्या. त्या आधीच भरलेल्या होत्या.

मुलीला फोन केला.

"पप्पा, आईने शपथ घातली होती."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"राहू द्या ना."

"कुणाला?"

"मामाला. दोन्ही मावश्यांना. आणि खालच्या मजल्यावरच्या अक्कांना, त्या एकदा रिक्षा करून सोबत आल्या होत्या."

"वॉचमनला?"

"पप्पा."

मी फोन ठेवला. खालच्या मजल्यावरच्या अक्का रोज लिफ्टमध्ये मला 'ऊट आयता' विचारतात, म्हणजे जेवण झालं का. चार महिने त्या मला जेवण झालं का विचारत होत्या. ही गोष्ट माझ्या आत बसली ती अजून उठलेली नाही. लिहितानाही ती आहे.

पुढच्या वेळी मी सोबत गेलो. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिने एक कागद समोर ठेवला. मशीनमध्ये डोकं घालून ठिपका दिसला की बटण दाबायचं, जिथे दाबलं नाही तिथे काळं छापून येतं. डाव्या डोळ्याच्या कागदावर मध्ये थोडी पांढरी जागा होती. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टर म्हणाली, औषधाचे थेंब आहे ती टिकवायला.

तेव्हा बायकोने विचारलं, "मॅडम, सायकल?"

पस्तीस वर्षांत तिने माझ्यासमोर कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मागायचं काम माझं.

डॉक्टर म्हणाली, "ट्रॅफिकमध्ये अजिबात नाही. एकदम मोकळा रस्ता, दिवसाउजेडी, आणि पुढे कुणीतरी सायकल चालवत असेल तर थोडी चालवा. पण फक्त पुढच्या तपासणीपर्यंत. त्यानंतर बहुतेक बंद करावी लागेल. अडीच महिन्यांनी या."

"सहा महिने धरू या," मी म्हणालो.

"काय धरू या?"

"तपासणी. सहा महिन्यांनी करू. नाहीतर चार."

 बायकोने माझ्या मनगटावर हात ठेवला. "अहो, ही भाजी नव्हे."

अडीच महिने म्हणजे दहा रविवार. मोकळा रस्ता कुठला ते तिचं ठरलेलं होतं. होसकोटेच्या पुढे हमरस्ता सोडून आत एक तळं आहे. तिकडच्या एका गोदामात आम्ही रॅक बसवले होते, तेव्हा ती एकदा सोबत आली होती. तळ्याच्या कडेने तीन-चार किलोमीटर सरळ डांबरी रस्ता, शेवटी एक वस्ती, वाहन क्वचित. "इथे चालवायची," ती तेव्हा म्हणाली होती.

सायकली टेम्पोतून न्या, असं मुलगी म्हणाली. मीही तेच म्हणालो होतो. बायको नको म्हणाली. "टेम्पोत रॅकांच्या शेजारी बसून मी पुष्कळ फिरले. या वेळी गाडीतून जाऊ." तेव्हा गाडीला सायकलींचा रॅक घ्यायचा ठरला. रॅक म्हटल्यावर ते माझं काम.

एचएसआर लेआउटमध्ये एक दुकान सापडलं, फक्त गाडीवर सायकली नेण्याच्या सामानाचं. चालवणारी पुण्याची एक बाई, तिशीतली, आयटीतली नोकरी सोडून दुकान काढलेली. आम्ही दोघं गेलो. आमचं मराठी ऐकून ती खूश झाली आणि लगेच काका-काकू करायला लागली. मी सावध झालो. काका म्हणणारा दुकानदार सूट देत नाही.

"काका, तीन टाइपचे असतात," ती म्हणाली. "एक टपावर, एक डिकीला पट्ट्यांनी बांधायचा, आणि एक हा, प्लॅटफॉर्मवाला. गाडीच्या चॅसीला खालून हूक बसवतो, त्यावर हा येतो. सायकली चाकांवर उभ्या राहतात. सायकली कुठल्या आहेत तुमच्या?"

"साध्या," मी म्हणालो.

"बॅटरीच्या आहेत," बायको म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्या उजव्या बाजूला उभी होती, म्हणजे मी तिच्या डाव्या बाजूला. माझं बघणं तिला दिसलं नसणार.

"ई-बाइक्स? मग टपाचा विषयच नको. पंचवीस किलो डोक्यावर कोण उचलणार? आणि बेसमेंट पार्किंग असेल तर बीमला ठोकतील."

ते मी आधीच मोजून आलो होतो. टपावर सायकल उभी केली तर आमच्या बेसमेंटच्या पाइपांना चार इंच लागते. पण मी मान हलवली नाही. प्लॅटफॉर्मवाल्याची किंमत विचारली. तिने सांगितली. मी हसलो. हे माझं नेहमीचं हसणं आहे, ते ऐकून पुष्कळ लोक आपणहून खाली उतरतात.

"हसू नका काका, इम्पोर्टेड आहे."

"लोखंडाला पासपोर्ट असतो होय?" मी पट्ट्यांवाला रॅक उचलला. "हा द्या."

"तो ई-बाइकसाठी नाहीये. दोन मिळून तीस किलोच घेतो. आणि काकूंच्या सायकलला वरचा दांडा नसेल ना? मग ती त्यावर टांगतासुद्धा येणार नाही."

"दांड्याची सोय मी करीन. मी रॅकच बनवतो."

"काका, सॉरी, मी तुम्हाला तो विकणार नाही."

माझ्या तीस वर्षांच्या धंद्यात, विकणार नाही, असं कुणी मला म्हटलं नव्हतं. भाव वाढवायची ही नवी तऱ्हा, असंच मला वाटलं. स्वस्त माल काढून घ्यायचा म्हणजे गिऱ्हाईक महागाकडे सरकतं. मी दुकानात आवाज चढवला. काय बोललो ते लिहीत नाही. बायको बाहेर जाऊन पायरीवर बसली. शेवटी मी माझा नंबर काउंटरवर लिहून ठेवला आणि निघालो. असं निघून आलं की दोन दिवसांत फोन येतो, 'काका, तुमच्यासाठी म्हणून' असं म्हणत. माझी पुष्कळ खरेदी अशीच झाली आहे.

फोन आला नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. रोज मी गोदामात मोबाइल समोर ठेवून बसायचो. तिकडे स्वतः फोन करायचा हे मला सुचलं नाही, असं नाही. केला नाही.  बायको बेसमेंटमध्ये फेऱ्या मारायची, आता अगदी हळू, आणि मी वॉचमनच्या खुर्चीवर बसून ओरडत नव्हतो. वॉचमनने विचारलं, "सार, तब्येत बरी आहे ना?"

चौथ्या आठवड्यात मी एकटा मल्लेश्वरमला गेलो. तिथे जुन्या सायकलींचं एक दुकान आहे, मालक सत्तरीचा, कन्नड. त्याच्याकडे पट्ट्यांवाला एक रॅक पडून होता, कुणीतरी परदेशी जाताना विकून गेलेला. आम्ही कन्नडमध्ये बोललो.

"कुणाच्या सायकली?" त्याने विचारलं.

"मुलांच्या."

"मग सरी, ठीक आहे. जड काही टांगू नका अण्णा, पट्टे जुने आहेत."

"मुलांच्याच आहेत," मी पुन्हा म्हणालो, "स्वल्प कमी करा."

निम्म्या भावात मिळाला, वर चार नवे पट्टे फुकट. परत येताना किती दिवसांनी जरा बरं वाटलं.

रॅकवर बारकी पाटी होती, तीस किलोची. आमच्या धंद्यात खण दोनशे किलो पेलत असेल तर पाटीवर आम्ही दीडशे लिहितो. गिऱ्हाईक दीडशेच्या पाटीवर दोनशे ठेवणारच, म्हणून. पाटीवरचा आकडा गिऱ्हाइकासाठी असतो, खरा आकडा बनवणाऱ्याला माहीत असतो. तीस वाचून मी मनात पंचेचाळीस धरले. बॅटऱ्या काढल्यावर दोन्ही सायकली चव्वेचाळीस भरत होत्या. म्हणजे एक किलो शिल्लकच. तिच्या सायकलला दांडा नव्हता, तिथे गोदामातला पाइप कापून दोन क्लॅम्पनी बसवला. माझी सायकल आधी टांगली, गाडीला लागून, आणि तिची बाहेरच्या बाजूला. हलवून बघितलं. माझ्या हातचं काम होतं, जागचं हललं नाही.

गोदामातला रॅक एकदा उभा केला की उभा असतो. त्याच्यावरचं वजन उड्या मारत नाही. हे मला तेव्हा सुचायला पाहिजे होतं, बाकी कुणाला नसेल पण मला.

रविवारी सकाळी साडेसहाला निघालो. बायकोने सलवार-कमीज घातला होता, थर्मासमध्ये चहा घेतला होता. हेल्मेट मांडीवर. होसकोटेच्या अलीकडे एक हंप होता, पांढऱ्या रंगाचे पट्टे न मारलेला. मी ब्रेक दाबला तोपर्यंत पुढची चाकं त्यावरून गेली होती. मागे आधी पट्टा सुटल्याचा आवाज झाला, मग काचेचा, मग लोखंड रस्त्यावर फरफटल्याचा.

मागून येणारी दुधाची गाडी अगदी टेकून थांबली. तिचा ड्रायव्हर उतरला आणि त्याने मला जे काय बोलायचं ते कन्नडमध्ये बोलून घेतलं, आई-बापासकट. एरवी मी त्याला पुरून उरलो असतो. मी पट्टा गोळा करत राहिलो. माणूस जरा वेळाने स्वतःच सायकल उचलायला मदत करायला लागला.

डिकीची काच फुटली होती. माझी सायकल जागेवर होती. तिची एका पट्ट्यावर लोंबत होती, पुढचं चाक दुमडलेलं, चाक धरणारा फोर्क वाकलेला, हँडलवरचा स्क्रीन गेलेला.

"माझीच का ओ पडली?" ती म्हणाली. "तुमची का नाही?"

"तुझी बाहेरच्या बाजूला होती."

"मल्लेश्वरमच्या दुकानात सांगितलं होतं ना, बॅटरीच्या आहेत म्हणून?"

"हो."

 दुमडलेल्या चाकावरून ती हात फिरवत राहिली, एकेक तार मोजल्यासारखा. मग थर्मास काढून तिने दूधवाल्याला आधी चहा दिला, मग मला.

सायकल दुरुस्तीला टाकली. फोर्क पुण्याहून यायचा होता. सोमवारी मी एचएसआरला गेलो. पुण्याची ती बाई काउंटरवर होती. मला बघून तिने हातातला स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला, मी पुन्हा आवाज चढवणार असं वाटून असेल.

"प्लॅटफॉर्मवाला द्या," मी म्हणालो. "सांगितली होती त्या किमतीला."

"बार्गेन नाही करणार?"

"नाही. कधी बसेल?"

"तुमच्या गाडीचा हूक बनवून घ्यावा लागेल. तीन आठवडे तरी."

तेव्हा मी तिला सांगितलं. बायकोला काचबिंदू आहे, पुढची तपासणी अमुक तारखेला आहे, त्यानंतर सायकल बंद होईल, एक रस्ता आहे तिथे तिला चालवायची आहे. दुकानात दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. मी सगळं सांगितलं. सांगताना आवाज सपाट येत होता, पत्ता सांगितल्यासारखा.

त्या बाईने दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग तिने हूक बनवणाऱ्याला फोन लावला, त्याच्याशी हिंदीत वाद घातला, दोन-तीनदा 'भैया, प्लीज' म्हणाली. माझ्याहून चांगली घासाघीस केली तिने, पण दिवसांची. अडीच आठवड्यांवर आणलं.

फोन ठेवून म्हणाली, "काका, एक बोलू? त्या दिवशीच सांगायचं होतं. माझ्याकडे डेमोचा हूक होता, तुमच्याच मॉडेलचा. दुसऱ्या दिवशी लावून दिला असता. मागच्या आठवड्यात गेला."

"किती दिवस होता?"

"चार महिने पडून होता."

मी पावती घेतली आणि गाडीत जाऊन बसलो. एसी सुरू केला, मग बंद केला. रस्त्यापलीकडे एक माणूस शहाळी सोलत होता. मी त्याची नऊ शहाळी मोजली. दहाव्याला तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

फोर्क आला, हूक आला, रॅक बसला. ती बाई स्वतः आमच्या बेसमेंटमध्ये आली आणि रॅक कसा लावायचा ते बायकोला दाखवून गेली, मला नाही. चाकं खाचेत बसली की क्लिक असा आवाज येतो, तो ऐकायचा. नंबरप्लेट झाकली जाते म्हणून मागे दुसरी प्लेट आणि दिवे. या सगळ्यात दहापैकी नऊ रविवार गेले. एक राहिला.

बुधवारी तपासणी होती. तिथे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. उजव्या डोळ्याचा काळा भाग वाढला होता, आणि डॉक्टरने सायकल बंद केली. रविवार मात्र त्याच्या आधीचा.

तळ्याशी पोहोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. सायकली उतरवल्या, बॅटऱ्या बसवल्या. रस्त्यावर कुणी नव्हतं. तळ्यात पाणी थोडंच राहिलं होतं, मधे गाळ दिसत होता, त्यात बगळे. डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे मी पुढे. तिला नीट दिसावा म्हणून मुलीने पाठवलेला भगवा टी-शर्ट घातला होता. मी हळू चालवत होतो, दर थोड्या वेळाने मान वळवून बघत होतो. ती बरोबर माझ्या मागे, रस्त्याच्या मधोमध, हनुवटी जराशी वर.

पाव किलोमीटर झाला असेल. मागून घंटी वाजली. मी थांबलो. तीही थांबली, पाय टेकून.

"काय झालं?"

"काही नाही. तुम्ही मागे जा."

"डॉक्टर काय म्हणाली होती?"

"ऐकलंय मी." तिने हेल्मेटचा पट्टा सैल केला. "मला आता मधलं एवढंच दिसतं," तिने दोन्ही हातांनी परातीएवढा गोल करून दाखवला, "आणि त्यात सगळी तुमची पाठ आहे. मला रस्ता बघायचाय."

कडेने कुत्रं आलं तर, ट्रॅक्टर आला तर, हे मी म्हणणार होतो. म्हणण्यासारखं पुष्कळ होतं. माझ्या जागी कुणी असतं तर त्यानेही म्हटलं असतं. मी सायकल कडेला घेतली. ती शेजारून पुढे गेली, तिचं हँडल माझ्या कोपराला घासून गेलं. तिने पट्टा परत आवळला नव्हता.

मग मी मागे. तिच्या पाठीकडे बघत सायकल चालवायचा हा माझा पहिलाच प्रसंग. बॅटरीचा वेग एकवर होता, तिने तो दोनवर केला, नंतर तीनवर. आतापर्यंत ती एकच्या वर कधी गेली नव्हती. डावीकडे शेळ्या होत्या, रस्त्यापासून लांब. त्या तिला दिसल्या नसणार, आणि मी त्या तिला सांगितल्या नाहीत. ओढणीचं टोक चाकाजवळ येत होतं. ते मात्र मी सांगितलं, आणि तिने न थांबता एका हाताने ओढणी वर घेतली. एक हात सोडून तिला चालवता येतं हे मला माहीत नव्हतं.

रस्ता तीन-चार किलोमीटरचा. वस्तीच्या अलीकडे एक पिंपळ आहे, तिथून वळायचं ठरलं होतं. ती पिंपळापाशी वळली नाही. वस्तीतून गेली, एका अंगणात भांडी घासणाऱ्या बाईने मान वर करून बघितलं, आणि पुढे मातीचा रस्ता लागला तसा तिने वेग कमी केला, पण थांबली नाही. मलाही थांब म्हणता आलं नाही.

जरा वेळाने तिने मान न वळवता विचारलं, "मागे आहात का?"

"आहे."

"मग बोला की काहीतरी. एवढे गप्प कशाला?"

 "पुढे रस्ता खराब आहे," मी म्हणालो.

"दिसतोय मला," ती म्हणाली.